कोणत्या तोंडानं

“पण बाबा, खोटं ते खोटंच ना? सगळ्यांना ठाऊक आहे. मग तिनं एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय?”

रावजीबाबांनी ब्रश रंगात बुडवला. ते त्राटिकेच्या मुखवट्याच्या नाकाला रंग देत होते.

नितेश उंबऱ्याबाहेर उभा होता. मुखवट्यांच्या खोलीत ‘आत ये’ म्हटल्याशिवाय पाय टाकायचा नाही, ही आंबेखिंडीची रीत. आणि बाबा ‘आत ये’ म्हणत नव्हते.

आंबेखिंड हे डोंगरातलं गाव. चैत्रात तिथं बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून गावची माणसं संबळ-पिपाणीवर नाचतात. एकेका मुखवट्याचं एकेक सोंग. शेवटच्या दिवशी, ऊन वर आलं की देवीचं सोंग येतं आणि महिषासुराला मारतं, मग बोहाडा संपला. मुखवटे देवळामागच्या खोलीत असतात. खोली रावजीबाबा भोयांच्या ताब्यात. सोंग कोणी घ्यायचं ते तेच ठरवतात आणि पाय कसा टाकायचा ते तेच शिकवतात. तिथं सरपंचाचंही काही चालत नाही.

नितेश वारघडे हा बाबांचा सगळ्यात तयारीचा चेला. त्याचा पाय असा पडायचा की म्हातारी माणसं मान डोलवायची. हे त्यालाही ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

यंदा देवीचा मुखवटा नितेशला, असं बाबांनी पौषातच सांगून ठेवलं होतं. उद्या शेवटचा दिवस. आणि आज सकाळी निरोप आला, मुखवटा न्यायला येऊ नकोस.

कारण सांगितलं नव्हतं. नितेशला ते सांगावं लागणारही नव्हतं. तरी तो भांडायला आला होता.

“बाबा, ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“गंमत होती ती.”

“हं.”

गंमत अशी होती.

होळीच्या सुमारास नितेशनं मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या धडावर बसवणारं. असं बेमालूम बसवतं की जोड कुठं आहे ते दिसत नाही. आधी त्यानं स्वतःचं तोंड एका पैलवानाच्या धडावर ठेवलं. मग सरपंचांना अंतराळवीर केलं. गाव पोट धरून हसलं. सरपंच तो फोटो आल्यागेल्याला दाखवत सुटले.

मग त्यानं वनिताचं तोंड घेतलं.

वनिता शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिचा नवरा भास्कर भिवंडीला एका गोदामात कामाला आहे, सणावाराला घरी येतो. बचत गटाच्या मेळाव्यात वनिताचा एक फोटो निघाला होता, समोरून, चांगला हसरा. नितेशनं तो उचलला आणि कुठल्याशा व्हिडिओतल्या बाईच्या धडावर बसवला. ती बाई हातात बाटली घेऊन पुरुषांच्या घोळक्यात नाचत होती. तो व्हिडिओ त्यानं गावच्या ग्रुपवर टाकला. लोक हसले, कोणी कोणी पुढं पाठवला.

तो पुढं जात जात भिवंडीच्या गोदामात पोचला.

भास्करनं आरडाओरडा केला नाही. शिवी दिली नाही. त्यानं फक्त बायकोचा फोन उचलायचं बंद केलं.

आणि वनितानं पदर तोंडावर ओढला.

या डोंगरात बायका तोंड झाकत नाहीत. नळावर, बाजारात, देवळात उघड्या तोंडानं वावरतात, त्यांच्या आज्या-पणज्याही तशाच वावरल्या. त्यामुळं वनिता पहिल्यांदा तसा पदर ओढून रस्त्यानं निघाली तेव्हा ओळखीची कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकली. ती शाळेत चुलीपुढं बसते तीही तशीच. सासू रोज सांगते, अगं पदर पेटेल एखाद्या दिवशी. ती ऐकत नाही.

“आत ये,” बाबा म्हणाले.

नितेश आत आला. गोणपाटावर बसला.

कोपऱ्यात धर्मा उभा होता, महिषासुराचा मुखवटा चढवून. उद्या तोच महिषासुर होणार होता. मुखवटा कानाशी घट्ट होतोय का ते बाबा बघत होते. त्यांनी दोरी थोडी सैल केली.

“आता?”

“आता बरं वाटतंय,” मुखवट्याच्या आतून आवाज आला. “काढू का?”

बाबांनी पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. नितेशनंही बसल्या जागी पाठ फिरवली, त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

हीही तिथली रीत. मुखवटा उतरतो तेव्हा आतल्या माणसाकडं बघायचं नाही. तो घामाघूम असतो, डोळे मिचकावत असतो, त्याचा तो अजून पुरता झालेला नसतो. त्यानं तोंड पुसावं, ‘झालं’ म्हणावं, मग वळायचं. नितेशनं लहानपणी एकदा विचारलं होतं, असं का? बाबा म्हणाले होते, फिरव म्हटलं की फिरवायची.

“झालं,” धर्मा म्हणाला.

दोघं वळले. धर्मानं मुखवटा खुंटीला अडकवला आणि नितेशकडं न बघता निघून गेला. ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं हसला होता तो हाच.

बाबा पुन्हा त्राटिकेपुढं बसले.

“त्या तिथं, दहा डोक्यांचं. कोणाचं तोंड?”

“रावणाचं.”

“शेजारचं?”

“मारुतीचं.”

“जीभ बाहेर काढलेलं?”

“वेताळाचं. बाबा, मला का विचारताय? मला सगळे पाठ आहेत.”

“यात आपल्या गावचं कोणी दिसतं?”

नितेशला हसू आलं. “आपल्या गावचं कसं असेल?”

“का नसावं? तुझ्या आज्याचं नाक मी हुबेहूब केलं असतं. असं नाक पंचक्रोशीत नव्हतं. सरपंचाच्या बापाचे गाल केले असते. लोक हसून लोळले असते.”

“मग?”

“माझ्या गुरूनं केलं नाही. मीही केलं नाही.”

“पण का?”

बाबांनी ब्रश पाण्यात बुडवला. पाणी लाल झालं.

“रावणाला तेच तोंड घेऊन उद्या नळावर जायचं नसतं.”

पण गप्प बसणं नितेशच्या स्वभावात नव्हतं.

“सरपंचांनाही नळावर... म्हणजे त्यांनाही चारचौघांत जायचं असतंच की. त्यांचं केलं तर ते हसले.”

“केलंस तेव्हा ते कुठं होते?”

“माझ्या शेजारीच. मी विचारलं, काका, तुम्हाला चंद्रावर पाठवू का? म्हणाले, पाठव, पण लवकर परत आण.”

बाबा हसले. खरंच हसले, खांदे हलवून.

“आणि वनिताला विचारलंस?”

“नाही.”

“का?”

“विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.”

हे बोलून झाल्यावर नितेशच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

“म्हणजे उत्तर तुला ठाऊक होतं,” बाबा म्हणाले.

बाहेर कोणीतरी संबळ शेकायला जाळ केला होता. धूर खिडकीतून आत आला. बाबांनी त्राटिकेचा मुखवटा उचलून धुरापासून लांब ठेवला.

“आणि ती नाचणारी? ती कोण?”

“ती होय... ती नेटवरची.”

“नेटवरची म्हणजे?”

“म्हणजे... कोण ते माहीत नाही. असेल कोणीतरी.”

“कोणाची तरी मुलगी असेल.”

“असेल.”

“तिलाही नाही विचारलंस.”

नितेशनं या बाईचा विचारच केला नव्हता. व्हिडिओ करताना त्यानं तिचं तोंड काढून टाकलं होतं, आणि तोंड काढल्यावर ती त्याच्या लेखी कोणीच उरली नव्हती. आता ती उगाच डोळ्यांपुढं आली. तोंडाशिवाय.

“बाबा, पण बघणाऱ्याला कळत होतं की हे सोंग आहे,” तो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. “आपण नाही का सोंगं नाचवत?”

“नाचवतो. पण सोंग मांडवात यायच्या आधी काय होतं?”

“ललकारी होते.”

“कसली?”

“हेच की, आलं हो आलं, रावणाचं सोंग आलं.”

“आणि नाचणाऱ्याचं नाव?”

“तेही पुकारतात. अमक्याच्या अंगावर आलं.”

“तुझ्या सोंगापुढं ललकारी कोणी दिली?”

नितेशनं मान वर केली. इथं त्याच्याकडं उत्तर होतं. “मी खाली हसण्याची चिन्हं टाकली होती, बाबा. चांगली चार-पाच. शिवाय लिहिलं होतं, गंमत आहे.”

“भिवंडीला पोचलं तेव्हा ती चिन्हं होती?”

“...नाही. पुढं पाठवताना खालचं गळून जातं. नुसता व्हिडिओ जातो.”

बाबांनी ब्रश फडक्याला पुसला. नितेशला म्हाताऱ्याचा राग आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

“मी काढून टाकला तो,” तो म्हणाला. “ग्रुपवरूनही काढला. माझ्या फोनमध्ये शोधून सापडणार नाही. अजून काय करू?”

“तुझ्या फोनमध्ये नाही?”

“नाही.”

“भास्करच्या?”

नितेश गोणपाटाचा दोरा उपसत राहिला.

“नितेश.”

“काय?”

“तुझं तोंड दे मला.”

“काय?”

“उद्याच्या दिवसापुरतं. ते तुझं यंत्र आहे ना, त्यात घालायला.”

नितेशचा जीव भांड्यात पडला. म्हातारा पाघळला, त्याला वाटलं. त्यानं झटकन फोन काढला, केस सारखे केले आणि मुखवट्यांच्या भिंतीपुढं उभा राहून सेल्फी घेतली. दात काढून हसणारी. चांगली आली होती.

“घ्या. कोणाच्या धडावर बसवू? मारुतीच्या बसवू?”

“ते मी ठरवीन.”

“पण सांगा तरी.”

“तू तिला सांगितलं होतंस?”

नितेशचं हसू जरा कमी झालं. “बरं. दाखवणार कोणाला?”

“तेही मीच ठरवीन. उद्या तुझ्या सासरची माणसं येणार आहेत ना?”

येणार होती. नितेशचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलीचे वडील, मामा, झाडून सगळे जावयाच्या अंगावर देवी आलेली बघायला येणार होते. त्यासाठी त्यानं सतरंजी पुढच्या बाजूला घालायला सांगून ठेवली होती.

“बाबा,” तो म्हणाला, “तसलं काही नका हं करू.”

“कसलं?”

“तसलं... काहीतरी.”

“का? खोटं ते खोटंच ना? सगळ्यांना ठाऊक असेल.”

नितेश उभाच होता. फोन हातात होता. पडद्यावर त्याचं तोंड दात काढून हसत होतं. बाबा तुळशीला पाणी घालणारे गृहस्थ, त्यांना फोन नीट धरतादेखील येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ते काही करणार नव्हते. कसं करणार?

तरी त्याचा अंगठा सरकला. फोटो पुसला गेला.

बाबांनी ते पाहिलं.

त्यांनी त्राटिका हातात घेतली, नाकपुडीत राहिलेला पांढरा ठिपका लाल केला.

नितेश खाली बसला. त्याला लाज वाटली. सकाळपासून त्याला वाटत होतं, आपल्याला वाईट वाटतंय ते मुखवटा गेल्याचं. ते तसं नव्हतं. चुलीपुढं पदर ओढून बसलेली वनिता त्याला दिसली, आणि ती तशी का बसते ते त्याला आत्ता, फोटो पुसताना कळलं. तिला अंगठा सरकवायची सोय नव्हती.

त्यानं फोन खिशात टाकला.

“तिच्याकडं जायला हवं,” तो म्हणाला.

“हं.”

“पण बाबा... मी कोणत्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं?”

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. भिंतीपाशी गेले. हात लांब केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“घे,” ते म्हणाले. “हवं ते घे.”

नितेशनं भिंतीकडं पाहिलं. रावण होता. वेताळ होता. गणपती होता, त्याच्याकडं बघून कोणालाही राग येत नाही. अगदी कडेला, लाल फडक्यात गुंडाळलेली देवी होती. तिचे फक्त डोळे दिसत होते. याच मुखवट्यासाठी तो मघाशी तणतणत आला होता. आता तो एका क्षणात मिळाला असता.

त्याचा हात थोडा वर गेला.

मग खाली आला.

तो बाहेर पडला. उंबऱ्यात त्याला ठेच लागली, बोटही त्यानं चोळलं नाही.

वनिताच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. दिवस कलला होता आणि सासू ती गोळा करत होती. नितेशला बघून तिनं टोपली खाली ठेवली.

“आणखी फोटो हवा का?” ती म्हणाली.

“वहिनीशी बोलायचंय, मावशी.”

“बोल. ती दाराआड आहे. आताशा तिथंच असते.”

दाराआड पदर दिसला. तोंड दिसलं नाही. नितेशनं वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, चांगली लांबलचक. त्यातलं एकही आठवलं नाही.

“वहिनी, तो व्हिडिओ मी केला होता. तो खोटा आहे. चुकलं माझं.”

दार थोडं आणखी पुढं ओढलं गेलं.

“खोटा आहे,” तो पुन्हा म्हणाला.

“हे मला सांगतोस?” वनिता म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. “मी कुठं नाचले नाही हे मला नाही कळणार, नितेशभाऊ? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

“नाही, म्हणजे...”

“माझ्याकडं येऊन काय उपयोग? मी सोडून सगळ्यांनी तो बघितला. त्यांना सांग.”

“ग्रुपवर लिहितो. आत्ता लिहितो.”

“लिहिलेलं कोण वाचतं? तू गंमत आहे असं लिहिलं होतंस ना? यांनी वाचलं का ते?” ती थांबली. “यांना मी रोज फोन करते. वाजून वाजून बंद होतो. मी काय सांगू त्यांना, ते तोंड माझं नाही म्हणून? माझंच आहे ते.”

सासू मोहाची फुलं पुन्हा गोळा करायला लागली. निम्मी फुलं टोपलीबाहेर पडत होती.

“तोंडानं सांग,” वनिता म्हणाली. “सगळ्यांपुढं.”

आणि दार लागलं.

नितेश परत आला तेव्हा बाबा दिवा लावत होते. या वेळी तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि थांबून राहिला.

“आत ये.”

“बाबा, मी ते अ‍ॅप काढून टाकू का?”

“का? मी काय हे मुखवटे जाळले?”

नितेशनं मान हलवली. मग म्हणाला, “देवीचा मुखवटा कोणाला दिलात?”

“अजून कोणाला नाही.”

“कोणालाही द्या. मला उद्या ललकारीला उभं करा.”

बाबांनी वळून पाहिलं. सगळ्या बोहाड्यात उघड्या तोंडाचा माणूस तो एवढाच, ललकारी देणारा. त्याला नाच नाही, पोशाख नाही. सोंगामागून सोंग पुकारायचं आणि बाजूला व्हायचं. हे काम नेहमी एखाद्या आवाज चांगला पण पाय थकलेल्या म्हाताऱ्याकडं जायचं.

“ललकारी देणाऱ्याला तोंडाला काही लावता येत नाही,” बाबा म्हणाले. “रंगाचा ठिपकादेखील नाही.”

“ठाऊक आहे.”

“तुझ्या सासरची माणसं पुढं बसणार.”

“बसू देत.”

बाबांनी कोपऱ्यातली घुंगरांची काठी काढली. फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. ऊन देवळाच्या कळसावरून खाली उतरलं होतं. पुढच्या सतरंजीवर मुलीचे वडील आणि मामा बसले होते, आणि जावई कुठं दिसेना म्हणून माना उंच करत होते. तो काठी घेऊन उघड्या तोंडानं समोर आला तेव्हा मामांनी मेहुण्याच्या कानात काहीतरी विचारलं.

आंब्याखाली भास्कर उभा होता. खांद्याला पिशवी तशीच होती. सकाळच्या एसटीनं आला होता, देवीसाठी. घरी गेला नव्हता. बायकांच्या बाजूला कडेला वनिता बसली होती, पदराआड, सासूशेजारी.

नितेशनं काठी आपटली. संबळ थांबला.

“ऐका हो, मंडळी, ऐका,” त्यानं पुकारा केला. “महिषासुराचं सोंग आलं, धर्माच्या अंगावर आलं. देवीचं सोंग येणार आहे. पण मधलं एक सोंग बाकी आहे.”

लोकांना वाटलं, काहीतरी नवीन आहे. ते सरसावून बसले. फोन वर झाले.

“होळीला तुमच्या मोबाइलवर एक सोंग आलं होतं. त्याच्यापुढं ललकारी झाली नाही. ती आज देतो.”

त्यानं काठी जमिनीत रोवली.

“तोंड वनितावहिनीचं. तिला न विचारता घेतलेलं. धड कुठल्या परक्या बाईचं. तिलाही न विचारता घेतलेलं. वहिनी तिथं नव्हती, नाचली नाही, तिला पत्ताही नव्हता. नाचवणारा मी. नितेश सोमा वारघडे.”

कोणी हसलं नाही. महिषासुराचा मुखवटा चढवलेल्या धर्मानं मान खाली घातली, तेव्हा दोन्ही शिंगं जमिनीकडं झुकली.

“आता ते फोन खाली घेऊ नका,” नितेश म्हणाला. “हे असंच्या असं घ्या. ते जिथं जिथं पाठवलंत तिथं तिथं हे पाठवा. खाली काही लिहायची गरज नाही. हे माझं तोंड आहे. मीच देतोय.”

त्यानं तोंड फिरवलं नाही. कॅमेरे त्याच्याकडं बघत होते आणि तो त्यांच्याकडं बघत उभा राहिला. त्याला रडू येत होतं, ते त्यानं येऊ दिलं.

पुढच्या सतरंजीवरून मुलीचे वडील उठले. देवळाच्या पलीकडं जाऊन पाठमोरे उभे राहिले. तिथून ते परत येणार की वाट धरणार, हे कळायला मार्ग नव्हता. मामा बसूनच राहिले.

आंब्याखालून भास्कर निघाला. सावकाश, माणसांच्या कडेकडेनं. बायकांच्या बाजूला येऊन थांबला. आईनं त्याच्याकडं पाहिलं, मग ती सरकली आणि चटईवर जागा झाली. तो पिशवी मांडीवर घेऊन वनिताशेजारी बसला. त्यांचं बोलणं झालं की नाही ते दिसलं नाही.

काठी पुन्हा आपटली.

“आलं हो आलं, देवीचं सोंग आलं. रावजी भोयाच्या अंगावर आलं.”

गाव चकित झालं. बाबांनी कित्येक वर्षांत मुखवटा चढवला नव्हता. पाय थकले होते, पण ताल चुकला नाही. महिषासुर पडला, बायकांनी ओवाळलं, बोहाडा संपला.

मुखवट्यांच्या खोलीत नितेशनं बाबांना धरून आणलं. मग त्यानं पाठ फिरवली. मागं दोरी सुटल्याचा आवाज आला, दम लागलेला श्वास ऐकू आला, पाणी तोंडावर मारल्याचा आवाज आला.

“झालं,” बाबा म्हणाले.

नितेश वळला. दोघांनी मिळून देवी लाल फडक्यात गुंडाळली. फडक्याच्या गाठी मारताना नितेशचं लक्ष लागत नव्हतं. खिडकीतून अंगण दिसत होतं. मांडव रिकामा झाला होता. चटईच्या कडेला तिघंच उरली होती. सासू पुढं चालायला लागली. भास्कर उठला. त्यानं पिशवी एका खांद्यावर घेतली आणि दुसरा हात बायकोपुढं केला.

वनिता उठून उभी राहिली. तिचा हात पदराच्या काठाकडं गेला.

नितेशनं गाठ तशीच सोडली. तो खिडकीशी गेला आणि मान लांब केली.

“बाबा, ती पदर...”

“पाठ फिरव,” बाबा म्हणाले.